ऊसतोडीहून परतलेली मुलं आणि मे महिन्याची सुट्टी

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दोन वर्षांपूर्वी रुजू झाले. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोड मजुरांची आहेत. दिवाळीच्या मागेपुढे ती आईबापांबरोबर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि लगेच मेची सुट्टी लागते. या सुट्टीत त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतं. उन्हाळी शिबिर घेऊ का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, शिबिराचं ठरवण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षाचा हजेरीपट काढा आणि फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, जाणाऱ्या प्रत्येक मुलापुढचे हजर दिवस स्वतः मोजा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शाळा भरली पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. मी ज्या ज्या शाळांत मोजलं, तिथं तोडीला जाणाऱ्या मुलाच्या नावापुढं शंभराच्या आसपास दिवस निघाले. जून ते ऑक्टोबर, त्यातून गणपती, सण आणि रविवार वजा केले की तेवढेच उरतात. म्हणजे पाचवी पास झालेलं लेकरू प्रत्यक्षात अडीच वर्षं शाळेत बसलेलं असतं. कागदावर ते इतरांच्या बरोबरीनं वर चढत जातं आणि सहावीत आपण त्याच्या हातात दशांश अपूर्णांक देतो.

हा हिशेब आधी करायला सांगते, कारण त्यानंतर मे महिना वेगळा दिसायला लागतो. गावातल्या इतर मुलांना ती सुट्टी आहे, त्यांनी ती भोगावी. पण या मुलांची शाळा दिवाळीलाच सुटलेली असते. साडेचार-पाच महिने बाहेर काढून ती गावात येतात, आता दिवाळीपर्यंत कुठं जाणार नसतात, आणि नेमकं त्याच वेळी आपण दाराला कुलूप लावून जातो. आईबाप घरी, मूल घरी, हातात तोडीचे थोडेफार पैसे. या घरांच्या वर्षात असा काळ दुसरा नाही. माझी पंचवीस वर्षं याच कामात गेली. मला या मुलांसाठी वर्षातला एकच महिना निवडायला सांगितला, तर मी मे निवडेन.

सुट्टीत गरीब मुलं मागं पडतात हे काही आपल्याकडेच दिसलेलं नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत आलेल्या मुलांचा कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल या समाजशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. शाळा चालू असताना गरीब घरातली आणि सुस्थितीतल्या घरातली मुलं जवळपास सारख्याच वेगानं शिकत होती. अंतर वाढत होतं ते उन्हाळ्यात. त्यांनी नळाचा दाखला दिला. शाळा असते तेव्हा नळ सगळ्यांसाठी चालू असतो. सुट्टीत तो गरिबाच्या घरी बंद होतो आणि दुसऱ्याच्या घरी आईबाप आपापला नळ सोडतात. पुढच्या काही संशोधकांनी वेगळ्या चाचण्या लावून या अंतराच्या आकाराबद्दल शंका घेतल्या, तो वाद अजून चालू आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. इथं नळ दिवाळीला बंद होतो.

आता कामाचं.

परत आल्या आल्या वर्ग सुरू करू नका. पहिला आठवडा मुलांना झोपू द्या. फडावर पहाटे तीन-चारला उठणं असतं. गाडी भरायला रात्री-अपरात्री ट्रक आला तर सगळं बिऱ्हाड उठतं. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धूर, बाहेर थंडी, हातापायांना पाचटानं कापल्याच्या रेघा. त्या आठवड्यात तुम्ही फक्त घरोघर जा. वही-पेन न नेता जा. आईशी बोला, लेकराची तब्येत बघा, खोकला कुणाला आहे, ताप कुणाला येऊन गेला, लसीचा डोस कुणाचा राहिला, हे आशाताईंना सांगा. या फेरीत शाळेचा विषय तुम्ही काढायचीही गरज पडत नाही. आईच काढते. ‘बाई, ह्याला कायच येत नाही हो’ हे वाक्य तुम्हाला दर तिसऱ्या घरी ऐकू येईल. तिथं ‘येईल’ एवढंच म्हणा. मूल ते ऐकत असतं.

वर्गाची वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. मे महिन्यातल्या मराठवाड्यात साडेनऊनंतर पत्र्याखाली बसवत नाही. आणि टँकरचं वेळापत्रक आधी विचारून घ्या. एका गावात आमचा वर्ग रंगात आला की हॉर्न वाजायचा आणि दहा-बारा मुली एकदम उठून जायच्या. पहिले दोन दिवस मी थांबवलं. नंतर एका मुलीबरोबर मी गेले, तेव्हा कळलं की रांगेत हंडा नसला तर त्या घराला दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही, आणि आई दुसऱ्याच्या रानात कामाला गेलेली असते. मग आम्ही टँकर हीच मधली सुट्टी ठरवली. सगळ्यांनी उठायचं, मुलग्यांनीसुद्धा हंडे आणायचे, अर्ध्या तासानं पुन्हा बसायचं. मुलगे पाणी आणायला लागल्यावर गावात दोन दिवस चर्चा झाली. नंतर कुणी काही बोललं नाही.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. वर्ग शांत राहावा म्हणून मी धाकट्या भावंडांना आणू नका असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी आठ वर्षांवरच्या मुली दिसेनाशा झाल्या. दोन आठवडे मला कारणच कळलं नाही. मी समजत होते की त्यांना गोडी नाही. ज्या मुलीच्या कडेवर वर्षाचं मूल आहे, तिला ‘मूल आणू नको’ म्हणणं म्हणजे ‘तू येऊ नको’ म्हणणंच आहे. हे मला तेव्हा समजायला हवं होतं आणि समजलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून एका कोपऱ्यात सतरंजी घाला, चार डबे, वाळू, कापडाच्या बाहुल्या ठेवा. अंगणवाडी मदतनीस तासभर येऊन बसली तर उत्तमच. नाहीतर गावातली एखादी आजी बसते, आनंदानं बसते. तिला मानानं बोलवायला मात्र कुणीतरी जावं लागतं.

शिबिर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं येतात कागदाची फुलं, टोप्या, शेवटच्या दिवशी नाच आणि पाहुण्यांच्या हस्ते वह्यावाटप. यातलं गाणं, नाच, खेळ सगळं ठेवा, या मुलांना खेळायला मिळतच नाही. पण दोन तासांतला सव्वा तास वाचन आणि गणितालाच द्या, आणि त्याला कशासाठीही हात लावू नका. चौथीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल, तर त्याची लाज तो रोज वर्गात गिळतो. ती लाज गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कागदाच्या फुलानं दिसत नाही.

सुरुवात एकेकट्याला जवळ घेऊन वाचून घेण्यानं करा. चार पायऱ्या पुरतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २००५ पासून गावोगाव हीच पद्धत वापरतात. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. जिथं अडखळतं ती त्याची पायरी. मग इयत्ता विसरून पायरीप्रमाणे गट करा. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं ही रीत देशभर नेली, आणि तिच्यावर अभ्यासही भरपूर झाले आहेत. मला विचाराल तर सहावीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी एका गटात बसवताना जपून बसवा. मोठ्याला गटाचं सामान सांभाळायचं काम द्या, फळा पुसणं, कार्डं वाटणं. त्याला तिथं बसायला कारण लागतं.

वाचनाला साहित्य कुठलं, हा प्रश्न येतोच. बालभारतीची पुस्तकं आहेत, शाळेच्या पेटीत गोष्टींची पुस्तकं असतात (बहुतेक ठिकाणी ती पेटी कुलपात असते, किल्ली आधी मिळवा). पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मुलांनी सांगितलेल्या मजकुराचा. मी विचारायचे, फडात काय पाहिलंस? एका मुलीनं सांगितलं, उसात बिबट्याची दोन पिल्लं सापडली, सगळ्यांनी काम थांबवलं, आई रात्री येऊन घेऊन गेली. मी ते तिच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहिलं. सात ओळी झाल्या. तिला पूर्ण बाराखडी येत नव्हती, पण त्या सात ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या, कारण पुढं काय येणार ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ‘पिल्लं’ हा शब्द दुसऱ्या कागदावर स्वतः शोधून दाखवला. जोडाक्षराकडं जायची तिची वाट तिथून निघाली.

बंजारा तांड्यावरची मुलं असतील तर आणखी एक गोष्ट. त्यांच्या घरात गोरमाटी बोलतात. पहिलीतल्या लेकराला आई ही ‘याडी’ असते, आणि आपण त्याला ‘आ आईचा’ शिकवत बसतो. गोष्ट त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या, तांड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीला बरोबर घ्या, ती दोन्हीकडचे शब्द सांगेल. बोलीवर हसणाऱ्या इतर मुलांना मी एकदाही सोडलेलं नाही. तिथं मी कडक होते.

गणिताचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथं आपण या मुलांना फार चुकीचं ओळखतो. चौथीतल्या एका मुलाला मी पाटीवर तीन अंकी संख्यांची हातच्याची बेरीज दिली. त्यानं एककांची बेरीज पूर्ण लिहिली, दशकांची तिच्याशेजारी लिहिली, आणि उत्तर हजारांत गेलं. आपलं काही चुकलंय हे त्याला दिसलंही नाही. मी पाटी बाजूला ठेवली. २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला होता, ते त्या घरांत सगळ्यांना पाठ होतं. मी विचारलं, तुझ्या आईबापाच्या कोयत्यानं दिवसात दोन टन तोडला तर किती झाले? त्यानं पाटीकडं बघितलंच नाही. ‘साडेतीनशेचे दोन सातशे, वर सोळा न् सोळा बत्तीस. सातशे बत्तीस.’ मी म्हटलं, पाच दिवसांचे? थोडा थांबला. ‘सातशेचे पस्तीसशे, बत्तीसचे एकशेसाठ. छत्तीसशे साठ. पण म्याडम, उचलीतून कटत्यात.’ उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले आगाऊ पैसे.

त्या मुलाला स्थानिक किंमत पक्की कळत होती; सातशेचे सातशे राहतात आणि बत्तीस वेगळे धरायचे हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या उभ्या मांडणीशी त्याची ओळख तेवढी नव्हती. मग आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, त्यांना मोळी म्हटलं, दहा मोळ्यांची एक गाडी केली. सुट्या काड्या दहा झाल्या की मोळी बांधून पलीकडच्या घरात टाकायची, हाच हातचा. तीन दिवसांत तो मुलगा इतरांना शिकवायला लागला. त्याच्या उचलीच्या वाक्यावरून पुढं आम्ही वजाबाकी घेतली. घरच्या कर्जाचा आकडा कुठल्याही मुलाला चारचौघांत विचारायचा नाही, हे मात्र पाळा. आकडे आपण बनवायचे.

असे तीस-पस्तीस दिवस नेमानं दोन तास मिळाले, तर अक्षरापाशी अडलेली बरीच मुलं परिच्छेदापर्यंत येतात. सगळी येत नाहीत. जी येत नाहीत त्यांतल्या काहींना नीट दिसत नसतं, काहींना ऐकू कमी येतं. मुलगा फळ्याजवळ सरकत असेल, मान वाकडी करून ऐकत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. एका मुलीला आम्ही दोन वर्षं ‘मंद’ समजत होतो. तिला चष्मा लागला आणि विषय संपला.

आता जेवणाचं. याकडं शिकवणाऱ्या माणसांचं लक्ष कमी जातं. शाळा चालू असते तेव्हा पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्याचं जेवण मिळतं, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. सुट्टी लागली की ही खिचडी बंद. घरात काम नसेल त्या दिवशी दुपारी चहा-भाकरीवर भागतं. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ चा आहे, आणि २०१६ च्या दुष्काळात न्यायालयानं तो पुन्हा बजावला. तुमचा तालुका त्या वर्षी दुष्काळी जाहीर असेल तर एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. सुट्टीत मुलं येत नाहीत म्हणून शिजवत नाही, असं उत्तर मिळतं. तुमचा वर्ग रोज भरत असेल तर त्या उत्तराला अर्थ राहत नाही. साडेनऊला वर्ग सुटला की तिथंच जेवण, हे जमलं त्या गावांत गळती जवळपास झालीच नाही. दुष्काळ जाहीर नसेल तर गावातून धान्य गोळा करा. मटकी, शेंगदाणे, गूळ, एवढ्यावरही मुलांचं सकाळचं खाणं निघतं. देणाऱ्यांचे मुलांबरोबर फोटो काढू नका. ही मुलं कष्टकऱ्यांची आहेत, त्यांना कुणापुढं हात पसरून उभं करायचं नाही.

सुट्टीत मोठी मुलं कामाला जातात. वीटभट्टी, हॉटेल, लग्नाच्या मांडवात वाढपी. कायदा नीट माहीत असू द्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेबाहेर आणि सुट्टीत स्वतःच्या घरच्या उद्योगात मदत केली तर चालते, तीही धोक्याचं काम नसेल तर. मला स्वतःला ही सूट पटलेली नाही, पण ती आहे. म्हणून घरच्या शेळ्या वळणाऱ्या मुलाशी भांडू नका, त्याला सकाळचे दोन तास सोडवून घ्या. भट्टीवर पाठवलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र घरी जाऊन बोला, आणि ऐकलं नाही तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव सांगावं लागत नाही.

मुलींचं वेगळं सांगायलाच हवं. पाडवा ते जून हाच लग्नांचा मोसम. हातात पैसे असतात, भावकी गावात असते, अक्षय्य तृतीयेला मुहूर्त बघावा लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला मी एकदा रागानं विचारलं होतं, इतकी घाई का? ती शांतपणे म्हणाली, ‘फडावर न्यावं तर तिथं आडोसा नाही. हितं ठेवावं तर कुणाच्या भरवशावर? तुम्ही सांगा, कुठं ठेवू?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना दिलेला उपदेश त्या घरात पुन्हा पाऊल ठेवू देत नाही. लग्न झालं की नवराबायकोचा नवा कोयता तयार होतो, मुकादम त्या जोडीला उचल देतो, हेही त्या निर्णयामागं असतं. म्हणून लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी मुलीच्या राहण्याची सोय तुमच्या हातात हवी. सातवी किंवा आठवीला गावची शाळा संपते, तो सगळ्यात धोक्याचा टप्पा. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं निवासी आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, तिचीही चौकशी करा. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. अर्ज भरणं, फोटो काढणं, तिथली खोली आईला प्रत्यक्ष दाखवून आणणं, हे सगळं एप्रिल-मेमध्ये करा. आईनं पलंग आणि दाराची कडी बघितली की निम्मं काम होतं. तरीही लग्न ठरलंच, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. त्याला लेखी कळवा, १०९८ ला कळवा, आणि तुमचं नाव बाहेर फुटणार नाही एवढी काळजी घ्या, कारण त्याच गावात तुम्हाला उरलेल्या मुलींसाठी काम करायचंय.

कागदपत्रं हे कंटाळवाणं काम, पण मे महिन्यातच होतं, कारण सह्या-अंगठे करणारा बाप तेव्हाच गावात असतो. जन्माचा दाखला, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळणं, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं. एक सांगून ठेवते: वयाचा पुरावा नाही किंवा मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणानं पहिली ते आठवीत कुठलीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कायदा तसं स्पष्ट म्हणतो. वय जास्त असेल तर वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागचं भरून काढायला वेगळं शिक्षण, हाही हक्क आहे.

आणि परीक्षा. शिष्यवृत्ती परीक्षा साधारण फेब्रुवारीत, नवोदयची हिवाळ्यात, आठवीची एनएमएमएस (गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) साधारण डिसेंबरच्या सुमारास. सगळ्या परीक्षा ही मुलं फडावर असताना येतात. एनएमएमएसची शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं. त्या घरात मुलगी शाळेत राहील की नाही हे ठरवायला हा आकडा पुरेसा असतो. आठवीत जाणारी दोन-तीन हुशार मुलं मेमध्येच हेरा, त्यांची तयारी तेव्हाच सुरू करा आणि परीक्षेच्या दिवसापुरतं त्यांना आणायचं कसं, कुणाकडं उतरवायचं, हे आईबापांशी आत्ताच ठरवा. डिसेंबरमध्ये फोन करून जमत नाही.

शेवटचा विषय येत्या दिवाळीचा. उचल पावसाळ्यातच घेतली जाते. एकदा उचल घेतली की जाणं पक्कं, मग फक्त मूल बरोबर जाणार की मागं राहणार एवढंच ठरवायचं उरतं. म्हणून ही बैठक मेअखेरीस घ्या. शाळा व्यवस्थापन समिती, आईबाप, आणि घरात मागं राहणाऱ्या आज्या. आज्यांना विसरू नका, मूल त्याच सांभाळणार असतात. हंगामी वसतिगृहात गावातच मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव शाळेकडून जावा लागतो आणि त्याला मुलांची नावं व आईबापांची संमती लागते. ती यादी मेमध्येच तयार असली तर ऑक्टोबरमध्ये धावपळ होत नाही. आजीच्या तब्येतीचं खरं खरं विचारा. डोळ्यांना न दिसणाऱ्या आजीकडं तीन मुलं ठेवून आईबाप गेले, असं मी पाहिलंय, आणि मधल्या मुलीनंच पाच महिने स्वयंपाक केला.

जी मुलं जाणारच आहेत त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता येतं. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना नेहमीच्या शाळेतच घ्यावं असं ठरलं. तत्त्व म्हणून ते मला पटतं, पण तळापासून शाळा चार किलोमीटर लांब आणि मधे महामार्ग असेल तर कुठली आई पाठवेल? तेव्हा कार्डावर विसंबून राहू नका. प्लास्टिकच्या पिशवीत एक वही, दोन पेन्सिली, गोष्टींची पाच-सहा पुस्तकं आणि तुमच्या मेच्या वर्गात त्यानंच सांगून लिहिलेला कागद घालून द्या. पिशवी जाड घ्या, कोपीत दवानं सगळं ओलं होतं.

आणि आठवड्यातून एकदा फोन करा. रात्री आठच्या सुमाराला, जेवणं झाली की. मुलानं एक पान वाचून दाखवायचं, तुम्ही फक्त ऐकायचं. फोन नंबर घेताना आईबापांच्या नंबराबरोबर मुकादमाचाही घ्या. आईबापांचं सिम रिचार्जअभावी जानेवारीत बंद पडतं, मुकादमाचा फोन कधी बंद नसतो.